दोन फुटी टाकीत आधी झाडं, मासे सगळ्यात शेवटी

तुमची हकीकत थोडक्यात अशी. पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये दोन फुटी टाकी आणली आणि त्याच संध्याकाळी ४ गोल्डफिश, ६ निऑन टेट्रा, २ एंजल आणि काच साफ करायला १ सकर असे १३ मासे सोडले. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. दुकानदाराच्या सांगण्यावरून टाकी रिकामी केली, खडे धुतले, नवं पाणी भरलं, वर निळं औषध टाकलं. अकराव्या दिवशी एक गोल्डफिश आणि सकर एवढेच उरले. आता लेकीला हिरवीगार झाडांची टाकी हवी आहे, आणि तुम्ही विचारता आहात की ती जमेल का, की झाडं म्हणजे आणखी एक कटकट.

जमेल. झाडांची टाकी नुसत्या खड्यांच्या टाकीपेक्षा सोपी असते, असं मी बावीस वर्षं टाक्या सांभाळून म्हणतो आहे. फक्त क्रम उलटा करावा लागेल. पहिले पाच-सहा आठवडे टाकीत एकही मासा नाही. लेकीला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या रविवारी ती तुम्हाला दुकानात ओढून नेईल.

आधी मासे का गेले ते बघू. माशाचं मलमूत्र आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. पाण्यात एका जातीचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बेताच्या प्रमाणात मासे सहन करतात आणि झाडं ते खातात. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. ते फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. दूध नासवणारे जिवाणू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात, यांना दुप्पट व्हायला कित्येक तास, कधी पूर्ण दिवस लागतो. तुमच्या टाकीत १३ माशांचा अमोनिया पहिल्या रात्रीपासून साठत होता. चौथ्या दिवशी जे थोडेफार जिवाणू जमायला लागले असतील, ते खडे नळाखाली धुतले तेव्हा क्लोरीनने मेले. उरलेसुरले निळ्या औषधाने. मिथिलिन ब्लू हे बुरशीवर आणि अंड्यांवर चांगलं औषध आहे, पण ते वेगळ्या बादलीत वापरायचं. मुख्य टाकीत घातलं की जिवाणू जातात, झाडं जातात आणि सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे होतात. तुमचे झाले असतील.

तुमचे मासे कुठल्या रोगाने मेले नाहीत, म्हणून टाकी निर्जंतुक करायची गरज नाही. साध्या पाण्याने धुऊन घ्या, साबण अजिबात लावू नका.

आता पाणी. तुम्ही लिहिलं आहे की सोसायटीत पालिकेचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात टँकर मिसळतात. पुण्या-मुंबईला धरणाचं पाणी येतं ते सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून वाहत आलेलं, मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी. बोअरचं आणि टँकरचं बहुधा कडक. पुढचा सगळा हिशेब या फरकावर आहे. तुमच्या घरी आरओची सर्व्हिस करायला येणारा माणूस असतो ना, त्याच्या खिशात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर असतो. नळाचं पाणी एकदा आत्ता आणि एकदा एप्रिलमध्ये मोजायला सांगा. दीडशेच्या आत असेल तर जवळपास काहीही ठेवता येईल. चारशेच्या वर गेलं तर मऊ पाण्याचे नाजूक मासे विसरा, गप्पी आणि प्लॅटी मात्र खूश राहतील. गप्पीला कमी लेखू नका. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ हे भिंतीवर वाचत आपण मोठे झालो, त्यामुळे तो आपल्याला गटारातला मासा वाटतो. पण कडक पाण्यात, पुण्याच्या एप्रिलमध्ये, नर गप्पींचा सहा-सातचा घोळका हिरव्या झाडांपुढे जसा दिसतो तसा महागडा मासा दिसत नाही. फक्त नरच घ्या. एक मादी आली की चार महिन्यांत तुम्ही शेजाऱ्यांना गप्पी वाटत फिराल.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. बादलीत चोवीस तास उघडं ठेवलं, त्यात हवेचा दगड (हवेच्या पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा) सोडला, तर तो उडून जातो. घाई असेल तर दुकानात अँटिक्लोरीन म्हणून पांढरे खडे मिळतात, म्हणजे फोटोग्राफीतला हायपो. बादलीला दोन-चार खडे पुरतात. एक गोष्ट मी स्वतः भोगून शिकलो. आमच्या इमारतीची गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडर टाकून धुतली होती, मला पत्ता नव्हता, आणि मी नेहमीसारखं पाणी बदललं. तासाभरात अकरा मासे आडवे. तेव्हापासून सोसायटीच्या सूचना फलकावर टाकी धुण्याची तारीख दिसली की त्यानंतर आठवडाभर मी पाणी बदलत नाही. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे क्लोरीन वाढवतात, तेव्हाही नाक जरा सावध ठेवा.

तुमची टाकी ६० बाय ३० बाय ३८ सेंटिमीटर, म्हणजे कागदावर ६८ लिटर. खडे आणि वरची दोन-तीन बोटं मोकळी जागा वजा केली की खरं पाणी ५५ लिटरच्या आसपास. सगळे डोस, सगळ्या माशांची संख्या या ५५ वर मोजा. काच, खडे, पाणी मिळून वजन ८०-८५ किलो होतं, तेव्हा टीव्हीच्या युनिटवर किंवा चहाच्या टेबलावर नको. स्टँडवर पाणसळ ठेवून बघा, खाली थर्माकोलची शीट घाला. जागा कुठली? वास्तूवाले ईशान्य कोपरा सांगतात. ईशान्येला खिडकी असेल तर शेवाळही ईशान्येलाच येईल एवढं लक्षात ठेवा. ऊन पडणार नाही अशी भिंत निवडा. आणि फिल्टरची वायर प्लगकडे जाताना मध्ये खाली झुकलेली राहू द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता जमिनीवर ठिबकेल.

तळाला रंगीत खडे आणि संगमरवराचे तुकडे नकोत. संगमरवर, शिंपले, कोकणातल्या किनाऱ्याची वाळू, या सगळ्यांतला चुना पाण्यात उतरत राहतो आणि आधीच कडक असलेलं पाणी आणखी कडक करतो. शंका असेल तर खड्यांवर व्हिनेगर टाका, फसफसलं तर परत करा. एक ते दोन मिलिमीटरची, गोल कडांची नदीची वाळू चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुऊन घ्या. पाच सेंटिमीटर थराला १३-१४ किलो लागेल. मागे जरा उंच, पुढे उतरती. वाळूखाली माती घालायची एक पद्धत आहे, डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंच्या नावाने ओळखली जाते, आणि ती छान चालते. पण पहिल्याच टाकीत माती घालू नका. शेणखत मिसळलेली नर्सरीची माती महिनाभर अमोनिया सोडते, आणि एखादं झाड उपटलं की सगळी टाकी चहासारखी होते. बाजारात मिळणारी तयार ‘अ‍ॅक्वासॉइल’ उत्तम, पण महाग, आणि तीही सुरुवातीला अमोनिया सोडते. तुम्हाला साधी वाळू आणि मुळांशी खुपसायच्या खताच्या गोळ्या पुरतील.

फिल्टरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. काचेला मागे टांगायचा, तासाला तीनशे-चारशे लिटरचा, आणि जोडीला हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर. दुसरा कशाला, ते उन्हाळ्याच्या वेळी सांगतो. दिवा १५ ते २० वॅटचा पांढरा एलईडी, दिवसाला सहा तास, टायमरवर. दुपारी चार ते रात्री दहा ठेवा, घरातले घरी असतात तेव्हा. निळे-जांभळे दिवे माशांना नाही, दुकानदाराला हवे असतात.

आता झाडं, जिथे लोक सगळ्यात जास्त फसतात. पहिली फसवणूक म्हणजे जी पाण्यातली नाहीतच ती झाडं. लकी बांबू, पट्टेरी ड्रॅसिना, गुलाबीसर पानांची कुंडीतली रोपटी दुकानात टाकीत खोचून ठेवलेली असतात. महिनाभर तग धरतात, मग आतून सडतात. पान जाड, ताठ आणि मेणचट असेल तर सावध व्हा. मनीप्लांटचा मात्र उपयोग होतो, पण उलटा. पानं टाकीबाहेर, मुळं फिल्टरच्या डब्यात. तो नायट्रेट घटाघटा पितो.

दुसरी गोष्ट फसवणूक नाही, पण माणूस घाबरतो. नर्सरीत पाण्यातली बरीच झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. ती तुमच्या टाकीत आली की जुनी पानं पिवळी होऊन गळतात आणि मग पाण्यातली नवी पानं येतात. क्रिप्टोकोरिन यात सगळ्यात नाटकी. चार दिवसांत सगळी पानं विरघळून जातात, जणू उकडलेली पालक. लोक उपटून फेकतात. उपटू नका. आपल्या कोकणातल्या ओढ्यांमध्येही क्रिप्टोकोरिनच्या जाती आहेत. ओढ्याचं पाणी चढतं-उतरतं तशी तिथे पानं येतात-जातात, वाळूतलं खोड टिकून राहतं. तुमच्या टाकीतही तीन आठवड्यांनी वाळूतून लाल-तपकिरी कोंब वर येतील.

तुमच्यासाठी माझी निवड अशी. मागच्या बाजूला वॅलिस्नेरिया, लांब रिबिनीसारखं, कडक पाणी त्याला उलट आवडतं. एका कोपऱ्यात हायग्रोफिला पॉलिस्पर्मा, हे तर मूळ आपल्याच देशातलं, तणासारखं वाढतं. मध्ये क्रिप्टोकोरिन वेंडटी, चार-पाच. लाकडावर जावा फर्न आणि अनुबियास नाना. या शेवटच्या दोघांचं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, पुरलं की सडतं. काळ्या दोऱ्याने लाकडाला बांधा किंवा फेविक्विकच्या थेंबाने चिकटवा, सुकल्यावर त्याचा त्रास होत नाही. आणि सुरुवातीचे दोन महिने मोकळा तरंगता हॉर्नवर्ट भरपूर. तो दिसायला विस्कटलेला असतो, पण पाण्यातून थेट अमोनिया खाणारं त्याच्यासारखं दुसरं स्वस्त झाड नाही. टाकी बसली की अर्धा काढून टाकायचा.

कंजूषपणा इथे करू नका. पाच रोपं लावून ‘वाढतील हळूहळू’ म्हणणाऱ्यांच्या टाकीत शेवाळ वाढतं, झाडं नाही. पहिल्या दिवशीच वरून पाहिलं तर साठ-सत्तर टक्के वाळू झाकलेली दिसली पाहिजे. दिवा, माशांची खोटी गुंफा, मागचं निळं पोस्टर यांचे पैसे वाचवून झाडांवर घाला. लावण्याआधी सगळी रोपं तुरटीच्या पाण्यात, लिटरला चमचाभर पूड, दोन-तीन तास ठेवून धुऊन घ्या, म्हणजे गोगलगाईंची अंडी बरीचशी जातात. तरी एखादी येईलच. येऊ द्या. १८५० साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने गोल्डफिश आणि वॅलिस्नेरिया एका भांड्यात ठेवून ‘झाड आणि मासा एकमेकांना जगवतात’ हे दाखवलं, तेव्हा सडकी पानं साचून त्याचं पाणी बिघडायला लागलं. ते सावरलं गोगलगाईंनी. गोगलगाई फार झाल्या तर दोष त्यांचा नसतो, तुमच्या हातातल्या खाण्याच्या डबीचा असतो.

लाकूड आधी तासभर उकळा, नाहीतर तरंगेल. पाणी चहाच्या रंगाचं झालं तरी चिंता नाही. मी तर मुद्दाम देशी बदामाची वाळलेली पानं टाकतो, फुटपाथवर फुकट पडलेली असतात. धूळ आणि गाड्यांचा धूर नसलेल्या जागेची घ्या, धुवा, एकावेळी एक पान.

झाडं लावली, पाणी भरलं, फिल्टर सुरू. आता विरजण. दही लावताना आपण वाटीभर दूध तसंच ठेवून दह्याची वाट बघत नाही, कालचं चमचाभर दही घालतो. इथेही तेच. ज्याची टाकी सहा महिने निरोगी चालली आहे अशा ओळखीच्या माणसाकडे जा आणि त्याच्या फिल्टरचा मळका स्पंज तुमच्या टाकीच्या पाण्यात पिळून आणा. घाण दिसते, पण सोनं आहे ते. जमलं तर स्पंजचा तुकडाच मागून घ्या. बाटलीतले जिवाणू कधी चालतात, कधी नाही, दुकानात बाटली उन्हात पडून होती की काय यावर अवलंबून. मग रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाकायचं. ते कुजून अमोनिया होईल, जिवाणूंना खाऊ मिळेल. शेजारी हसतील, हसू द्या.

अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजायचं थेंबांचं किट घ्या. संपूर्ण खर्चात मी एकाच वस्तूची सक्ती करेन तर ती ही. पट्ट्या स्वस्त असतात, पण रंग अंदाजे. दुसऱ्या आठवड्यात अमोनिया दिसेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल, मग तोही उतरेल. खाणं टाकल्यावर चोवीस तासांनी दोन्ही शून्य, असं सलग पाच-सहा दिवस आलं की टाकी बसली. आपल्या हवामानात, २८ अंश पाण्यात, हे थंड देशांपेक्षा लवकर होतं. झाडं भरपूर आणि विरजण चांगलं असेल तर तीन-चार आठवड्यांतही. पण कॅलेंडर बघून मासे आणू नका, किट बघून आणा. तुमच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. टँकरने येणाऱ्या बोअरच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचा आकडा) बहुधा ८ च्या आसपास असतो, आणि तेवढाच अमोनिया पीएच ७ पेक्षा ८ ला सुमारे दसपट विषारी ठरतो. मऊ पाण्यात जी चूक माफ होते, ती तुमच्याकडे होणार नाही.

याच काळात काचेवर आणि पानांवर तपकिरी धूळ बसेल. बोटाने पुसली तर निघते. ते डायटम शेवाळ, नव्या टाकीला येतंच, महिन्या-दीड महिन्यात आपलं आपण जातं. हिरवे केसांसारखे धागे आले तर मात्र दिवा एक तासाने कमी करा.

खत. टाकीच्या दुकानातल्या छोट्या बाटल्यांमध्ये बरंचसं पाणी असतं. त्यापेक्षा कृषी सेवा केंद्रात जा. द्राक्ष-डाळिंबाला ठिबकमधून देतात ती विद्राव्य खतं आपल्याला हवी तीच आहेत. १३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ०-५२-३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. दुकानदार एक किलोचं पाकीट देईल, ते तुमच्या नातवंडांना पुरेल. अर्धा लिटर आरओच्या पाण्यात पहिलं २५ ग्रॅम आणि दुसरं अडीच ग्रॅम विरघळवून बाटली भरून ठेवा. यातलं १० मिलिलिटर आठवड्यातून एकदा टाकलं की ५५ लिटरला नायट्रेट साधारण साडेपाच आणि फॉस्फेट अर्ध्या पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) थोडं वर मिळतं. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं नसलेल्या टाकीला एवढं भरपूर झालं. १९-१९-१९ चुकूनही नको. त्यात युरिया आणि अमोनियमच्या रूपातलं नत्र असतं, म्हणजे आपणच हाताने अमोनिया घालण्यासारखं. लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी मात्र टाकीचं तयार द्रावणच घ्या. शेतीच्या मिश्रणातलं तांबं पुढे कधी कोळंबी ठेवाल तर तिला मारक ठरतं. आणि ते द्रावण फॉस्फेटच्या बाटलीत मिसळू नका, वेगळ्या दिवशी द्या, नाहीतर लोह साका होऊन तळाला बसतं. हे सगळं झाडांना नवी पानं फुटल्यावर. बोअरच्या पाण्यात कधीकधी नायट्रेट आधीच असतं, म्हणून नळाचं पाणीही एकदा त्याच किटने तपासा. २० च्या वर आलं तर नायट्रेटचं खत लागणारच नाही.

मासे. ५५ लिटरला माझी यादी: ८ हार्लेक्विन रास्बोरा, ६ ब्राँझ कोरीडोरास, २ हनी गुरामी. पाण्याचा टीडीएस चारशेच्या वर निघाला तर रास्बोरांच्या जागी ७ नर गप्पी. एवढंच. टाकी रिकामी वाटेल, तीच तिची शोभा. निऑन पुन्हा घ्यावेसे वाटतील, पण निऑनला २०-२६ अंशांचं पाणी मानवतं आणि पुण्यातल्या एप्रिलला ते माहीत नाही. वर्षभर मऊ पाणी असतं तर त्याच्या जागी कार्डिनल टेट्रा सुचवला असता, तो २८-२९ पर्यंत आरामात राहतो. एंजल निऑनला खातो. लहानपणी नाही, मोठा झाल्यावर, एका रात्रीत. टायगर बार्ब गुरामीच्या मिशा तोडतो. ‘मिस केरला’ म्हणून लाल-काळ्या पट्ट्याचा डेनिसन बार्ब दाखवतील. देखणा आहे, सह्याद्रीचाच आहे, पण निसर्गात तो संकटात आहे आणि त्याला चार फुटी टाकी लागते.

हनी गुरामी मी मुद्दाम घातला आहे. तो वर येऊन हवेतला श्वास घेऊ शकतो, त्यामुळे उन्हाळ्यात टिकतो, आणि जोडीने झाडांमध्ये फिरताना त्याच्याकडे बघत बसावंसं वाटतं. कोरीडोरास तळाचं उरलेलं वेचतात, पण ते सफाई कामगार नव्हेत. त्यांना स्वतःच्या बुडणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात. गोल वाळूचा आग्रह त्यांच्यासाठीच होता, टोकदार खड्यांवर त्यांच्या मिशा झिजतात.

आधी रास्बोरा, दोन आठवड्यांनी कोरी, आणखी दोन आठवड्यांनी गुरामी. आपल्याकडचे बरेच मासे कोलकात्याहून किंवा चेन्नईच्या कोलाथूरहून पिशव्यांतून प्रवास करून येतात. दुकानात आल्याच्या दिवशी घेऊ नका, आठवडाभर तिथेच राहू द्या, जे मरायचे ते दुकानात मरतील. हे निर्दय वाटतं, पण खरं आहे. घरी आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी पिशवीत घाला, अर्धा-पाऊण तास. मग मासे जाळीने सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत. शक्य असेल तर वीसेक लिटरच्या प्लास्टिकच्या टबात स्पंज फिल्टर लावून दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा. अंगावर रव्याएवढे पांढरे ठिपके आले तर तिथेच दिसतील, आणि औषध तिथेच देता येईल.

खाणं दिवसातून एकदा, मिनिटभरात संपेल एवढंच. माझ्या टाकीचा सोमवारी उपास असतो. गणपतीला गावी पाच-सहा दिवस गेलात तर मोठ्या माशांना काही होत नाही. शेजाऱ्यांच्या हातात डबी देऊन जाऊ नका, प्रेमाने इतकं घालतील की परत येईपर्यंत पाणी नासलेलं असेल. फारच वाटलं तर एकेका दिवसाच्या पुड्या बांधून द्या.

दर रविवारी पाव टाकी पाणी बदला, क्लोरीन काढलेल्या पाण्याने. मधल्या दिवसांत उडून गेलेलं पाणी भरताना आरओचं भरा, कारण वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा. नळाखाली धुतला तर विरजणच फेकल्यासारखं होईल.

राहिला उन्हाळा, आणि दुसरा फिल्टर. २५ अंशाला लिटरभर पाण्यात ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. त्यात गरम पाण्यात मासे जास्त श्वास घेतात आणि रात्री झाडंही प्राणवायूच वापरतात. म्हणून उन्हाळ्यात मासे मरतात ते पहाटे, दुपारी नाही. मे महिन्यात एका रात्री अकराला गेलेली वीज सकाळी सहाला आली, तेव्हा मी माझ्या सगळ्यात मोठ्या टाकीतले निम्मे मासे गमावले. तेव्हापासून प्रत्येक टाकीत हवेवरचा स्पंज फिल्टर आहे आणि तो इन्व्हर्टरच्या प्लगवर आहे. हवेचा पंप तीन-चार वॅट खातो, रात्रभर सहज चालतो. टांगलेला फिल्टर पाच-सहा तास बंद राहिला तर सुरू करण्याआधी आतलं पाणी ओतून द्या, ते सडलेलं असतं. पाणी ३० च्या वर जायला लागलं की झाकण काढा आणि कॉम्प्युटरचा जुना १२ व्होल्टचा पंखा पाण्यावर तिरका लावा. पुण्याच्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतात. (मुंबईत तेवढे नाही, तिथली हवाच ओली.) बर्फाच्या बाटल्या सोडू नका, चढउताराने मासे आजारी पडतात. डिसेंबरसाठी १०० वॅटचा हीटर २५ वर लावून ठेवला की पुरे.

तुमचा शेवटचा प्रश्न, उरलेल्या दोघांचं काय करायचं. दोघेही या टाकीत नकोत. गोल्डफिश वीत-वीत लांब होतो आणि कोवळी झाडं भाजीसारखी खातो. सकर फूटभर होतो आणि मोठेपणी काच साफ करायचं सोडून देतो. दुकानदार परत घेत असेल तर द्या, बहुतेक जण घेतात. मोठी टाकी किंवा कारंज्याचं कुंड असलेलं कोणी ओळखीत असेल तर गोल्डफिश तिथे. पवना नदीत सोडू नका, कितीही पुण्यकर्म वाटलं तरी. सोडून दिलेले सकर देशातल्या कित्येक नद्या-तलावांत माजले आहेत, आणि कोळ्यांची जाळी त्यांच्या काट्यांनी फाटतात. छाटलेली झाडंही नदीत किंवा नाल्यात नको, जलपर्णीने मुळा-मुठेचं काय केलं ते तुम्ही रोज पुलावरून बघता. झाडं कुंडीत घाला, खत होईल. तोपर्यंत दोघांना प्लास्टिकच्या मोठ्या टबात ठेवा, जुना फिल्टर त्यांना लावा, तीन दिवसांनी निम्मं पाणी बदला. आणि नवी टाकी भरून झाली की त्याच फिल्टरचा स्पंज आधी तिच्यात पिळा. इतके दिवस ते दोघे टिकले म्हणजे त्यात थोडंफार विरजण लागलेलं असणार.